प्रात्यक्षिक: डोळ्यांचं की हातांचं?

बारावीच्या मुलांच्या तोंडी असतं ‘प्रॅक्टिकल’, वेळापत्रकावर छापलेलं असतं ‘प्रात्यक्षिक परीक्षा’. आपण दोन्ही एकच धरतो. पण मुळं पाहिली, तर एक शब्द डोळ्यांतून आलाय आणि दुसरा हातांतून.

‘प्रति’ आणि ‘अक्ष’ मिळून प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांसमोरचं. न्यायदर्शनाच्या चार प्रमाणांत, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या साधनांत, त्याचा मान पहिला. ‘इक’ प्रत्यय लागला की समाजचं सामाजिक होतं, तसंच प्रत्यक्षचं प्रात्यक्षिक. (‘प्रत्याक्षिक’ लिहिणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.) मैदानावर मल्लखांबाची प्रात्यक्षिकं होतात, तेव्हा हा मूळ अर्थ अजून जिवंत दिसतो: करणारा एक, पाहणारे अनेक.

‘प्रॅक्टिकल’ आणि जर्मन विद्यापीठांतलं ‘प्राक्टिकुम’ मात्र ग्रीक ‘प्रास्सेइन’कडे जातात. त्याचा अर्थ करणे.

रसायनशास्त्राचं शिक्षणही बराच काळ पाहण्याचंच होतं. प्राध्यापक टेबलावर प्रयोग करत, विद्यार्थी बाकांवरून बघत. विद्यार्थ्यांच्या हाती उपकरणं देणारे थोडे होते. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला प्राध्यापक स्ट्रोमायर होते. पण ही पद्धत जगभर गेली ती गीसेन या दुसऱ्या जर्मन गावाहून. 1824 साली तिथं आलेला रसायनज्ञ युस्टुस लीबिग अवघा 21 वर्षांचा होता, आणि त्याची प्रयोगशाळा होती सैनिकांच्या जुन्या पहाऱ्याच्या इमारतीत. 1831 मध्ये त्यानं पाच फुग्यांचं काचेचं उपकरण केलं. पदार्थ जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड फुग्यांतल्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात शोषला जातो, फुग्यांचं वजन जितकं वाढलं त्यावरून कार्बन किती ते निघतं. जे काम आधी मुरलेल्या रसायनज्ञालाच जमे, ते आता विद्यार्थी करू लागले. त्याचा शिष्य होफमान 1845 मध्ये लंडनच्या नव्या रसायन महाविद्यालयात गेला आणि हीच रीत तिथं रुजली.

माझ्या शाळेत सर प्रयोग दाखवत, आम्ही जर्नल भरत असू. ते पाहणं खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, हे अकरावीत ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली, तळाशी तोटी असलेली काचेची उभी नळी, हाती आल्यावर कळलं. डाव्या हातात तोटी, उजव्या हातात गोल फिरणारा चंबू, वर नळीत जांभळं परमँगनेट. द्रावण इतकं गडद की त्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड दिसतच नाही, वरची वाचायची. थेंब पडतो, गुलाबी छटा उमटते आणि विरते. पुढचा पडतो, पुन्हा विरते. मग एक थेंब असा येतो की छटा तशीच राहते, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली, आणि तोटी तेवढ्यात बंद झालेली असावी लागते.