मोठं इंजिन, आवळलेलं वळण : मॉडेल रेल्वेतली जुनी तडजोड

युनियन पॅसिफिक या अमेरिकी रेल्वे कंपनीचं ‘बिग बॉय’ हे वाफेचं इंजिन एचओ मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात केलं, तर टेंडरसकट, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट, साधारण साडेसेहेचाळीस सेंटिमीटर लांब भरतं. अमेरिकेत या मापाचे जे रूळ घरोघर गेले, त्यांचं नेहमीचं वळण १८ इंच त्रिज्येचं, म्हणजे पावणेसेहेचाळीस सेंटिमीटर. वळणाच्या त्रिज्येपेक्षा इंजिनच लांब! तरीही ते तिथे फिरतं, आणि १९६७ पासून फिरतंय.

हे १८ इंच आले कुठून? कुठल्याही रेल्वे कंपनीच्या नकाशातून नव्हे. अमेरिकेत प्लायवूडचा तक्ता चार बाय आठ फुटांचा मिळतो. त्यावर ३६ इंच व्यासाचं वर्तुळ बसवलं की दोन्ही कडांना थोडी जागा उरते, गाडी घसरली तरी थेट जमिनीवर जात नाही. युरोपात मेर्कलिन या जर्मन कंपनीचं नेहमीचं लहान वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं, म्हणजे त्याहूनही आवळ. सुताराने आणि दिवाणखान्याने माप ठरवलं, इंजिनं नंतर त्यात कोंबली गेली. या छंदातल्या बहुतेक करामतींचं मूळ एवढंच आहे.

सुरुवात आणखी मागची. १८९१ साली मेर्कलिनने लाइपझिगच्या जत्रेत तुकड्यातुकड्यांनी जोडायचे रूळ मांडले, आणि आज एक इंजिन, उद्या दोन डबे, परवा रूळ बदलायचा सांधा असा धंदा सुरू झाला. त्याला एक अट आपोआप चिकटली : नवं इंजिन गिऱ्हाइकाच्या घरातल्या जुन्या रुळांवर चाललंच पाहिजे. इंजिनं बुटकी, आखूड, दोन-तीन आसांची होती तोवर कुणाची तक्रार नव्हती. अडचण झाली ती हुबेहूबपणाची हौस वाढल्यावर.

लायोनेल या अमेरिकी कंपनीने १९३७ साली न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हडसन इंजिनाचं १:४८ प्रमाणातलं मॉडेल काढलं. क्रमांक ७००ई, किंमत ७५ डॉलर. मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या देशात ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. पण खरा खर्च पुढे होता. हे इंजिन कंपनीच्या नेहमीच्या ३१ इंची वळणावर जात नसे, त्याला ७२ इंची लागे. (या १:४८ च्या, म्हणजे ओ मापात वळण व्यासाने सांगतात, एचओमध्ये त्रिज्येने. नवख्यांची इथे हमखास गफलत होते.) म्हणजे सहा फूट रुंदीचं वर्तुळ, शिवाय कडेची मोकळी जागा. एवढी खोली कितीजणांकडे असणार? युद्धानंतर लायोनेल नेहमीच्या वळणावर चालतील अशा आटोपशीर इंजिनांकडे वळली, ती धंद्याचा हिशेब करूनच.

अडचण समजायला इंजिनाच्या पोटाखाली बघावं. बाजूच्या दांड्याने, म्हणजे कपलिंग रॉडने जोडलेली मोठी चाकं एकाच ताठ चौकटीत एका रेषेत असतात. रूळ वाकतो, चौकट वाकत नाही. पहिलं आणि शेवटचं चाक बाहेरच्या रुळाला भिडतं आणि मधली चाकं आत ओढली जातात. फ्लँज, म्हणजे चाकाची रुळाआड उतरणारी कड, एका मर्यादेपुढे रुळावर चढतेच. यावर तीन उपाय निघाले : मधल्या चाकांची फ्लँज काढून टाकायची, आसांना आडवं सरकायला जागा ठेवायची, नाहीतर चौकटच मधून तोडून बिजागरी बसवायची. मेर्कलिनने जर्मन वर्ग ४४ च्या दहा मोठ्या चाकांच्या इंजिनाला तिसरा उपाय केला. बाजूने पाहिलं तर पाचही आस एका ओळीत दिसतात. वळणावर वरून पाहिलं की लबाडी कळते.

लबाडी हा शब्द मी लाडाने वापरतोय, कारण खऱ्या रेल्वेनेही हेच केलं. ब्रिटिश रेल्वेच्या १९५४ पासूनच्या ९एफ इंजिनांच्या मधल्या मोठ्या चाकांना फ्लँज नव्हती. आणि आपल्याकडचा दाखला तर नेरळ–माथेरानचाच. १९०७ साली सुरू झालेल्या या दोन फुटी मार्गावर ओरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिनं आली, त्यांना क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. चाकं बसवलेली एक पोकळ नळी आणि तिच्या आत फिरवणारा मूळ आस. दोघांचा सांधा मधोमध. रॉड आतल्या आसाला धरून जागच्या जागी फिरत, बाहेरची नळी चाकांसकट वळणाप्रमाणे थोडी तिरपी होई. घाटातली वळणं अशी साधली. ही युक्ती मॉडेलवाल्यांच्या युक्तीची थोरली बहीणच म्हणायची.

उलट टोकाचं उदाहरण सोव्हिएत रशियातलं. १९३४ साली तिथे एकाच ताठ चौकटीत सात जोडलेले आस असलेलं इंजिन बांधलं गेलं. मधल्या काही चाकांना फ्लँज नव्हती, तरी त्याने रूळ फाकवले आणि रूळ बदलायच्या सांध्यांवर ते घसरलं. ते नियमित कामाला लागलंच नाही.

आता पुन्हा बिग बॉय. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीने १९४१ ते १९४४ दरम्यान अशी २५ इंजिनं बांधली. बॉयलर एक, त्याखाली आठ-आठ मोठ्या चाकांचे दोन संच. मागचा संच बॉयलरला पक्का, पुढचा बिजागरीवर. ही कल्पना स्विस अभियंता अनातोल माले याच्या १८८४ च्या पेटंटपर्यंत जाते. खरं इंजिन सुमारे ८८ मीटर त्रिज्येपर्यंतचं वळण घेऊ शकेल असं आखलेलं होतं. एचओ मापात ते साधारण एक मीटर होतं. १८ इंची वळण खऱ्या जगात काढलं तर जेमतेम ४० मीटर त्रिज्येचं. १९६७ साली इटलीच्या रिवारोसीने यावर सरळ तोड काढली : मागचा संचही मोकळा सोडला. दोन्ही संच डब्याखालच्या चाकगाड्यांसारखे आपापले फिरू लागले आणि सर्वांत मोठ्या इंजिनांपैकी एक पोरांच्या टेबलावर आलं.

किंमत मोजावी लागली ती दिसण्यात. चाकं वळणाबरोबर जातात, बॉयलर मात्र सरळच. त्याचं नाक रुळांच्या बाहेर हवेत लोंबतं, मागे केबिन बाहेर येते, मधला भाग आत घुसतो. शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का, सिग्नलला टक्कर हे ओघानेच. टेंडर फार जवळ जोडला तर वळणावर केबिनला अडतो, म्हणून मध्ये फट ठेवतात. सरळ रुळावर ती डोळ्यांत खुपते. खोक्यावर छापलेली किमान त्रिज्या म्हणजे गाडी घसरणार नाही एवढीच ग्वाही. बघवेल असं वळण हवं असेल, तर सर्वांत लांब डब्याच्या तिप्पट त्रिज्या ठेवावी, हा जुन्या खेळाडूंचा ढोबळ हिशेब मला जास्त पटतो.

ओ मापात आजही दोन तट आहेत. मापात काटेकोर असलेल्या बिग बॉयला लायोनेल ७२ इंची वळण मागते. एमटीएच या दुसऱ्या कंपनीने रेलकिंग मालिकेत मुद्दाम आखूड केलेला बिग बॉय काढला, तो ३१ इंचीवर फिरतो. २०१९ साली युनियन पॅसिफिकने ४०१४ क्रमांकाचं खरं इंजिन दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणलं, त्यामुळे दोन्हींची हौस आणखी वाढली. ज्यांची खोली लहान आणि हट्ट मोठा, ते सिग्नल ठोकण्याआधी इंजिनाच्या नाकाला आणि केबिनच्या कोपऱ्याला पेन्सिल चिकटवतात, हाताने सावकाश वळणावरून ढकलतात, आणि पाटावर उमटलेल्या रेघेच्या बाहेरच खांब रोवतात.