ऑपरेशननंतर परत धूसर दिसतंय म्हणजे मोतीबिंदू परत आला का?

ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, याच डोळ्याला परत अंधुक दिसायला लागलंय, मोतीबिंदू परत आला वाटतं, डॉक्टरांनी नीट काढलाच नसणार. पण मोतीबिंदू परत येतच नाही, कारण तो ज्या नैसर्गिक लेन्समध्ये होतो ती लेन्सच आता डोळ्यात नसते.

बाहुलीच्या मागे आपली लेन्स एका पातळ पारदर्शक पिशवीत असते आणि वयानं, डायबेटिसनं, स्टेरॉइडनं किंवा मार लागून ती गढूळ झाली की तो मोतीबिंदू. ड्रॉप्स टाकून तो जात नाही, काढावाच लागतो. फेको या आजच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेऊन अल्ट्रासाऊंडच्या कंपनांनी लेन्सचे तुकडे करून ओढून घेतात (ही पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली, आपल्याकडे सर्रास ‘लेझरनं काढला’ म्हणतात पण नेहमीच्या फेकोत लेझर नसतोच) आणि पिशवी मात्र मुद्दाम आत ठेवतात, म्हणजे उशी बदलली पण अभ्रा तोच, कारण नवी लेन्स त्यातच बसवायची असते.

आता गोची इथंच आहे. पिशवीला चिकटलेल्या थोड्या पेशी राहतात, कितीही साफ केलं तरी, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी त्या वाढत वाढत मागच्या भिंतीवर पसरतात नि ती भिंत धुरकट होते. डॉक्टर याला पीसीओ (पोस्टिरियर कॅप्सूल ओपॅसिफिकेशन, म्हणजे पिशवीची मागची भिंत धुरकट होणं) म्हणतात. तक्रारी जवळपास त्याच, अक्षरं पुसट, रात्री समोरच्या गाडीचे लाइट फाकलेले दिसतात, म्हणून गोंधळ होतो. हे सर्जनच्या हलगर्जीपणाचं लक्षण नाही, तरुण पेशंटमध्ये तर हे जास्त दिसतं.

आणि उपाय अगदीच वेगळा. यात खरोखरच लेझर असतो, याग लेझर. ड्रॉप्स टाकून बाहुली मोठी करायची, मशीनवर हनुवटी टेकवून बसायचं, त्या धुरकट भिंतीला मधोमध खिडकी पाडतात, काही मिनिटांत काम होतं, ना टाके ना अ‍ॅडमिट, आणि सहसा परत करावं लागत नाही.

मात्र ऑपरेशननंतरचं प्रत्येक धूसर दिसणं पीसीओच असेल असं घरी बसून ठरवू नका, रेटिनाला (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला) सूज, डायबेटिसचा त्रास किंवा काचबिंदूही असू शकतो, तपासल्याशिवाय कळत नाही. याग झाल्यावर चार दिवस एखादा ठिपका तरंगताना दिसला तर चालतं. पण अचानक खूप काळे ठिपके, विजेसारखे चमकारे किंवा एका बाजूनं काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, क्वचित होतं पण रेटिना सुटलेला असू शकतो.