फोटोंचा अल्बम म्हणजे डिजिटल संग्रह नव्हे

सध्या आमच्या सांगलीकडं जुन्या साड्या, घोंगड्या, कुंच्या यांचं 'डिजिटल आर्काइव्ह' करायची चांगलीच हवा आहे, लोक लिंक पाठवतात, उघडून बघावं तर ड्राईव्हवरचं एक फोल्डर आणि आत आयएमजी पुढं आकडे अशा नावाचे शेकडो फोटो. उत्साह खरा आहे, मेहनतही खरी आहे, आणि म्हणूनच जीव तुटतो, कारण हा झाला अल्बम. संग्रह ही वेगळी गोष्ट आहे, आणि दोन्ही एकच समजल्यामुळं ज्या बाईनं पेटीतून लुगडं काढून दाखवलं तिच्या माघारी त्या फोटोवरून कुणालाच काही कळत नाही.

अल्बम म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. कॅमेरा कुठला, मेगापिक्सेल किती, जेपेग का टिफ, यावर ग्रुपवर वाद चालतात पण तो फरक किरकोळ आहे. कॅमेऱ्यातली मूळ फाईल ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली ठेवू नका, फिल्टर अजिबात लावू नका कारण कापडाचा रंग हीच तर माहिती असते. विषय संपला.

खरी गफलत इथं होते: अल्बममध्ये मोजायची गोष्ट फोटो असते, संग्रहात मोजायची गोष्ट वस्तू असते. एका लुगड्याचे सहा फोटो काढले की अल्बममध्ये सहा नग झाले. त्यातला काठाचा फोटो एकानं उचलला, पदराचा दुसऱ्यानं, आणि वर्षभरात कुणाला सांगताच येत नाही की हा काठ आणि हा पदर एकाच लुगड्याचे. संग्रहात लुगडं एक, नंबर एक, आणि सहाही फोटो त्याच नंबराखाली. म्हणजे नंबर आधी कापडाला द्यायचा आणि मग फोटोला. कापडाला म्हणजे खरोखरच कापडाला, सुती फितीच्या तुकड्यावर नंबर घालून कोपऱ्यात दोन सैल टाके. सेफ्टी पिन नको, ती गंजते आणि डाग कायमचा राहतो, चिकटपट्टी तर बिलकूल नको.

आणि त्या नंबरासमोर नोंद. शेताचा फोटो कितीही झकास आला तरी गट नंबर किती, क्षेत्र किती, नावावर कुणाच्या हे सातबाराच सांगतो, तसंच हे आहे.

इरकलचंच घ्या, आपल्याकडं घरोघरी सापडते. फोटोत लाल टोपपदर दिसतो, काठ दिसतो, आणि कॅप्शन पडतं 'पारंपरिक इरकल साडी'. बस्स. पण जुन्या इरकलीत अंगाचा ताणा (म्हणजे उभे धागे) सुती आणि पदराचा ताणा रेशमी असा प्रकार असतो, हे दोन वेगळे ताणे फाशात फासा अडकवून जोडलेले असतात, त्याला कोंडी म्हणतात. लांबून काढलेल्या फोटोत तो जोड कळत नाही. पदर जिथं सुरू होतो तिथं भिंग लावायचं, जवळून वेगळा फोटो काढायचा, आणि नोंदीत लिहायचं: ताणा कशाचा, बाणा (आडवे धागे) कशाचा, इंचाला किती धागे, लांबी-रुंदी, पदराला कोंडी आहे का, काठ गोमीचा का रुईफुलाचा, रफू कुठं केलंय. आणि उलटी बाजू! उलट्या बाजूचा फोटो कुणीच का काढत नाही हे मला खरंच कळत नाही. हातमागाची पैठणी दोन्हीकडून सारखी स्वच्छ असते, मशीनवरच्या नक्षीला मागं सुटे धागे लोंबतात, सगळं उत्तर मागच्या बाजूला असतं आणि फोटो मात्र नेसून, हसऱ्या चेहऱ्यासकट. नेसलेला फोटो जरूर काढा, सातवा म्हणून.

घोंगडीचं तर आणखी अवघड. माण, आटपाडी, जतकडच्या घोंगडीचा फोटो म्हणजे काळा चौकोन. लोकर जावळाची का मोठ्या मेंढराची, सूत कुणी कातलं, विणली कुठल्या गावच्या सणगरानं, चिंचोक्याची खळ दिली होती का, दोन पट्ट्या मधे शिवल्यात का अखंड आहे, हे विचारल्याशिवाय आणि हात लावल्याशिवाय कळत नाही. हे लिहिलं नाही तर उद्या गिरणीतल्या ब्लँकेटचा फोटो शेजारी ठेवला तरी फरक दाखवता येणार नाही.

नोंदीतही एक गोष्ट मी कटाक्षानं वेगळी ठेवायला सांगते. मोजलेलं, ऐकलेलं आणि आपला अंदाज हे तीन रकाने वेगळे पाहिजेत. 'शंभर वर्षं जुनी' हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. कुणी सांगितलं? 'आजीच्या लग्नातली' असं घरच्यांनी सांगितलं असेल तर तसंच लिहा, कुणी आणि कधी सांगितलं ते लिहा, लग्नाचं साल विचारा. एकदा का हे तिन्ही एका वाक्यात मिसळलं की परत वेगळं करता येत नाही.

1866 मध्ये फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश सरकारातल्या अधिकाऱ्यानं हिंदुस्थानातल्या कापडांचे 700 नमुने 18 खंडांत लावले आणि असे 20 संच केले. हेतू व्यापाराचा होता, इथली माणसं काय वापरतात ते इंग्रज गिरणीवाल्यांना कळावं म्हणून, आणि तो हेतू मला मुळीच आवडत नाही. पण खऱ्या कापडाचा तुकडा आणि सोबत ठिकाण, मापं, वजन, किंमत अशी माहिती असल्यामुळं अभ्यासक आजही ते खंड वापरतात, इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियममधला संच तर डिजिटल झालाय. नुसते तुकडे असते तर चिंध्यांची वही राहिली असती.

सॉफ्टवेअरची चौकशी लोक सगळ्यात आधी करतात, ती सगळ्यात शेवटी करा. म्युझियमांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर केलंय, रकाने ठरवायला डब्लिन कोअर या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याचे 15 मुद्दे आहेत, पण घरच्या वीस-पंचवीस लुगड्यांना एक्सेल शीट पुरते. शेअर करायला इन्स्टाग्राम वापरा की, माझी काही हरकत नाही, फक्त पोस्टखाली वस्तूचा नंबर टाका म्हणजे बघणारा मूळ नोंदीपर्यंत पोचेल. आणि मालकिणीचं नाव, गाव जाहीर करायचं का हे तिलाच विचारा. नको म्हणाली तर ते आपल्या शीटमध्ये राहू दे, लिंकमधून काढा. तिनं हो म्हटलं तर मात्र फोटो काढणाऱ्याच्या आधी तिचं नाव लिहा.