दिवाळी पहाटेचा रील आणि नंतरची आपटी

दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रोडवर काय गर्दी उसळते, ते ठाणेकरांना सांगायला नको. आमच्या माध्यम अभ्यासाच्या वर्गातल्या मुलांनी तिथला एक रील टाकला आणि तो तुफान चालला. पुढचा उपवनचा रील मात्र आपटला. खापर फुटलं एडिटिंग करणाऱ्या मुलीवर. "सर, हिने म्युझिक बदललं ना, म्हणून!"

मी खडू उचलला. आडव्या अक्षावर व्ह्यूज, उभ्यावर कमेंट्स, एका रीलचा एक ठिपका. ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले, तर त्याला धन सहसंबंध म्हणतात. ते सरळ रेषेच्या किती जवळ आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे सहसंबंध गुणांक, लाडाने 'आर'. तो उणे १ आणि अधिक १ यांच्या दरम्यान राहतो. आर शून्य आला म्हणून नातंच नाही असं समजू नका. नातं वळणाचं असलं तर ते आरला दिसत नाही.

व्ह्यूज वाढले की कमेंट्स कितीने वाढतात, हे आर सांगत नाही. तिथे समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन लागतं. फळ्यावर सोयीचे आकडे घेऊन रेषा काढली: कमेंट्स = ४ + ९ × व्ह्यूज (हजारांत). दर हजार व्ह्यूजमागे सरासरी ९ कमेंट्स जास्त, हे सगळ्यांना पटलं. पण तो ४? कुणीच न पाहिलेल्या रीलवर चार कमेंट्स?

"चालतंय की सर, मित्र न बघताच आगीचा इमोजी टाकतात."

यावर मी निरुत्तर. तरी खरं कारण एवढंच, की शून्याच्या आसपास आमच्याकडे एकही ठिपका नव्हता. जिथे माहिती नाही, तिथे रेषा लांबवली की ती असलं काहीबाही बोलते.

मग तळहाताने दिवाळीचा ठिपका झाकला. उरलेले ठिपके नुसते विखुरलेले दिसले; सगळा चढ त्या एकट्याचा होता. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँसकोम्ब यांनी १९७३ मध्ये हेच दाखवलं. प्रत्येकी ११ ठिपक्यांचे चार संच, चौघांचा आर सुमारे ०.८२, रेषाही तीच. आलेख काढले तर चार तऱ्हा. एकात तर दहा ठिपके एका उभ्या ओळीत, आणि अकरावा लांब जाऊन सगळ्यांच्या नावाने रेषा ओढतोय. म्हणून आधी आलेख, मग आर.

आता त्या मुलीचा निकाल. रिग्रेशन या शब्दाचा अर्थच मुळी मागे येणं. इंग्लंडचे संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडपी आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापात आणली. आईवडील सरासरीपेक्षा जेवढे उंच, मुलं सरासरीपेक्षा त्याच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच उंच निघाली. बुटक्यांच्या बाबतीतही तसंच, फक्त उलट्या दिशेने. अफाट यशात मेहनतीबरोबर योगायोगाचाही वाटा असतो. सणाची सकाळ, नेमकी वेळ, कुणा मोठ्या पेजने केलेलं शेअर. पुढच्या वेळी मेहनत टिकते, योगायोग टिकेलच असं नाही. त्यामुळे रेकॉर्डनंतरचा रील बहुधा खालीच येतो, म्युझिक कुठलंही असो. लोक म्हणतात नजर लागली.

मुलगी सुटली, मी अडकलो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, चाचणीत सगळ्यात कमी मार्क पडलेल्यांना तुम्ही झापता आणि पुढच्या चाचणीत ते सुधारतात. तेही हेच का?"

हेच असू शकतं. पडताळायचं तर तळातल्या निम्म्या मुलांना, चिठ्ठ्या टाकून निवडून, न झापता सोडावं लागेल. इतकी वर्षं शिकवतोय, पण एकालाही कधी तसं सोडलेलं नाही. तुलनेला माझ्याकडे ठिपकाच नाही.