ऑफिसच्या डिरेक्टरीमागे टेलिफोनवाल्यांचे झाड

पाच-दहा संगणक असतात तोवर प्रत्येकावर स्वतंत्र खाते उघडून भागते. संख्या वाढली की नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते कुठल्या तरी मशीनवर चालूच राहते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सगळी खाती एका जागी ठेवणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हिसचा जन्म या कटकटीतून झाला.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर खात्यांची यादी एका साध्या फाइलीत असे. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सने ती एका सर्व्हरवरून सगळ्या मशीनना पुरवण्याची सोय केली आणि तिला 'यलो पेजेस' म्हटले. ब्रिटनमध्ये हे नाव ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह निघाले, म्हणून 'एनआयएस' असे नवे बारसे झाले. कमांडच्या सुरुवातीचे 'वायपी' मात्र तसेच राहिले.

ही यादी सपाट होती. १९८८ साली आलेल्या एक्स.५०० या मानकाने झाड मांडले: वर देश, खाली संस्था, त्याखाली विभाग, टोकाला माणूस. मानक घडवण्यात टेलिफोन क्षेत्राचा मोठा हात असल्याने जगभराची एकच डिरेक्टरी हे स्वप्न त्यात उघड दिसते. ते स्वप्न ओएसआय या संगणकांतल्या संवादाच्या अवजड नियमसंचाच्या ओझ्याखाली दबले. मिशिगन विद्यापीठात टिम होव्झ आणि सहकाऱ्यांनी टीसीपी-आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नियमांवर, चालणारी हलकी वाट काढली, तीच एलडॅप. तिचा पहिला आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १९९३ चा. आधी ती एक्स.५०० चे नुसते दार होती, पुढे तिच्यामागे स्वतःचा सर्व्हर आला.

त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीने नेटवेअर ४ या आपल्या नेटवर्क सिस्टिममध्ये सर्व्हरगणिक यादी सोडून अख्ख्या नेटवर्कचे एक झाड दिले. विंडोज एनटीच्या डोमेनमध्ये (एकत्र सांभाळलेल्या मशीन आणि खात्यांच्या गटात) मात्र बदल एकाच मुख्य कंट्रोलरवर, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, करता येत, बाकीच्यांकडे फक्त वाचायची प्रत. २००० साली मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीने एलडॅप, एमआयटीत घडलेली ओळख पटवण्याची पद्धत कर्बेरॉस आणि नावावरून मशीनचा पत्ता सांगणारे डीएनएस एकत्र बांधले, आणि कुठल्याही कंट्रोलरवर बदल करता येऊ लागला.

आजचे नियोजन या वारशावरच उभे आहे. कर्बेरॉसची तिकिटे, म्हणजे ओळख पटल्याचे डिजिटल पुरावे, घड्याळाच्या वेळेवर अवलंबून असतात: अॅक्टिव्ह डिरेक्टरीत घड्याळांत नेहमीच्या सेटिंगप्रमाणे ५ मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिन अडते. मशीन आपला कंट्रोलर डीएनएसला विचारून शोधते, त्यामुळे तिथे बाहेरचा डीएनएस दिला की डोमेन सापडतच नाही. कंट्रोलर किमान दोन हवेत. डोमेनचे नाव मागाहून बदलणे फार त्रासाचे, ते आधीच नीट ठरवावे.

झाडातल्या 'विभाग' या शब्दाला मात्र बहुतेक जण फसतात आणि एचआरचा तक्ता जसाच्या तसा उतरवतात. माझ्या मते फांद्या पाडाव्यात त्या कुठल्या खात्यांचा कारभार कोण बघणार आणि कुणाला कुठले धोरण लागणार, यावरून. फाइलींचे हक्क एकेका माणसाला न देता ग्रुपला द्यावेत. मग पुढच्या वर्षी दोन विभाग एक झाले तरी ग्रुपची सभासदयादी तेवढी बदलावी लागते.