पाइप मोठा टाकला की झालं?

नव्या वसाहतीचा आराखडा चर्चेला आला की एक सल्ला हमखास मिळतो : ‘ड्रेनेजचा पाइप मोठाच टाका, पुढची पन्नास वर्षं बघायला नको.’ रस्त्याच्या रुंदीवरून निदान भांडणं तरी होतात. या सल्ल्यावर मात्र सगळ्यांचं एकमत असतं. सांडपाण्याचं त्यावर काय मत आहे, ते बघू.

घरं, ऑफिसं, दुकानं एकत्र असलेला मिश्र वापराचा भाग घेऊ. समजा तिथे १०,००० रहिवासी आणि १५,००० नोकरदार आहेत. सांडपाणी घरात माणशी रोज १२० लिटर, ऑफिसात ४० लिटर. घरांचा सरासरी प्रवाह सेकंदाला १४ लिटर येतो. सकाळी आठच्या सुमारास तो तिप्पट, म्हणजे ४२. ऑफिसांचं पाणी जेमतेम दहा तासांत येतं, त्यामुळे तिथली सरासरी १७ आणि जेवणाच्या सुट्टीत ३३. घाईत ४२ आणि ३३ ची बेरीज करून ७५ हा आकडा पुढे सरकवला जातो. पण सकाळी आठला ऑफिसं जवळपास रिकामी असतात आणि दुपारी एकला घरं सरासरीवर आलेली असतात. म्हणून २४ तासांचे २४ रकाने आखावेत, प्रत्येक वापराला एक ओळ द्यावी आणि बेरीज उभी करावी. आपल्या उदाहरणात सकाळी ४४ आणि दुपारी ४७ येतात. पाइपाला ४७ लागतात, ७५ नाही. ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि पार्किंगच्या जागाही अशाच काढायच्या.

‘जास्त धरले तर बिघडलं कुठे?’ बिघडतं ते उतारात. सांडपाण्यातली वाळू आणि घाण तळाशी बसू नये म्हणून दिवसातून एकदा तरी वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या वर जावा लागतो. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश इंजिनिअरने १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्राचं सार असं : वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि पाण्याच्या खोलीबरोबरही वाढतो. (खोली म्हणजे नेमकं सांगायचं तर जलीय त्रिज्या : प्रवाहाचा छेद भागिले ओला परीघ. तिचा दोन-तृतीयांश घात.) ४५० मिमीचा पाइप पूर्ण भरून वाहिला, तर ९०० ला १ इतक्या सपाट उतारावरही ०.६ चा वेग मिळतो आणि सेकंदाला ९५ लिटर वाहून जातात. ३०० मिमीच्या पाइपाला १५० ला १ उतार दिला तर ७९ लिटर जातात. ४०० मीटरच्या लाइनवर पहिल्याला शेवटी ४४ सेंटिमीटर उतरावं लागतं, दुसऱ्याला २.६७ मीटर. सव्वादोन मीटर खोदाई वाचते, म्हणून मोठा पाइप मोहात पाडतो.

आता पहिलं वर्ष बघा. वस्ती दहा टक्के, भर वेळेला प्रवाह जेमतेम ४.७ लिटर. ३०० मिमीच्या तीव्र उताराच्या पाइपात पाणी ५ सेंटिमीटर खोल आणि वेग सुमारे ०.६. मोठ्या, सपाट पाइपात खोली ७ सेंटिमीटर, पण वेग ०.३. पाइपांच्या तक्त्यात दिलेला ०.६ चा वेग पाइप निम्मा किंवा पूर्ण भरल्यावरचा असतो, हे विसरलं की फसगत ठरलेली. वाळू बसते आणि तिच्यावर मैला साचतो.

पुढचं काम जिवाणूंचं. पाइपाच्या भिंतीवर चिकट थर असतो. त्यात आणि साचलेल्या गाळात ऑक्सिजन संपतो, तेव्हा काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तो वायू वर जातो आणि पाइपाच्या छताला लागलेल्या ओलाव्यात विरघळतो. तिथे दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. सामू (pH) १-२ पर्यंत उतरतो आणि सिमेंटचं पांढरं, भुसभुशीत जिप्सम होतं. मेलबर्नच्या पार्कर यांनी १९४५ मध्ये हा गंधकाम्ल करणारा जिवाणू ओळखला. म्हणून काँक्रीटचा पाइप पाण्याखाली शाबूत असतो आणि छत मात्र झिजून सळया बाहेर येतात. हाच वायू चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाचा जीव घेतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं, म्हणून ‘वास येत नाही, उतर खाली’ हा सल्ला जीवघेणा आहे.

हल्ली प्रत्येक चेंबरमध्ये ‘स्मार्ट’ सेन्सर बसवण्याची टूम आहे. लाइन तुंबली हे तो नक्की सांगेल, पण उतार काही वाढवणार नाही.

म्हणून आराखडा दोनदा तपासायचा : अंतिम प्रवाहाला पाइप तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरतो का, आणि पहिल्या वर्षीच्या भर वेळेला ०.६ मिळतो का. आपला ३०० मिमीचा पाइप ४७ लिटरला निम्म्याहून थोडाच जास्त भरतो. जमीन सपाट असून एवढं खोल जाणं परवडत नसेल, तर मध्ये पंपिंग स्टेशन घ्यावं, पण पंपापाशी सांडपाणी जमा होतं ती विहीर लहान ठेवून पंप वारंवार चालू द्यावा; पाणी विहिरीत तासन्‌तास पडून राहिलं तर वायू तिथेच तयार होतो. दुसरा पर्याय एका मोठ्या पाइपाऐवजी दोन लहान पाइपांचा : एक आज, दुसरा वस्ती भरल्यावर. त्याची जागा मात्र आजच रस्त्याच्या छेदात राखून ठेवायची, नाहीतर तिथून केबल गेलेली असते. आणि उपाहारगृहांच्या जोडणीवर ग्रीज ट्रॅप, म्हणजे तूप-तेल अडवणारी टाकी, हवाच. थंड झालेलं तूप-तेल ०.६ च्या वेगालाही दाद देत नाही.