एनएफएल ड्राफ्टमधील वरच्या निवडींचे सौदे

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, दरवर्षी नवोदित खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. या निवडीतील सुरुवातीचे क्रमांक संघ आपसात देतात-घेतात, त्या देवघेवीविषयीची ही नोंद. लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या ७ फेऱ्या होतात. आदल्या हंगामात सर्वांत तळाला राहिलेल्या संघाची पाळी प्रत्येक फेरीत पहिली, तर विजेत्याची शेवटची. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. खजिन्यात कितीही पैसा असला तरी पाळी आल्याशिवाय खेळाडू घेता येत नाही. मात्र ती पाळी, अगदी पुढच्या वर्षांच्या पाळ्याही, दुसऱ्या संघाला देता येतात. त्यामुळे क्रमांकांचा एक बाजारच उभा राहिला आहे. त्यात पहिल्या पाच-दहा क्रमांकांना जो भाव मिळतो, तो त्यांच्या खऱ्या मोलाशी क्वचितच जुळतो.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतात आणि गरीब संघ कायम हरत राहतात, ही त्यांची तक्रार होती. १९३५ मध्ये त्यांचा प्रस्ताव मान्य झाला आणि १९३६ मध्ये फिलाडेल्फियातच पहिला ड्राफ्ट झाला. ईगल्सने जे बरवँगर या शिकागो विद्यापीठाच्या खेळाडूला पहिल्या क्रमांकावर निवडले. पण त्याला हवा तेवढा पगार देणे त्यांना शक्य नव्हते, म्हणून त्याचे हक्क त्यांनी शिकागो बेअर्सला देऊन टाकले. बेअर्सशीही त्याचे जमले नाही. बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. म्हणजे इतिहासातल्या पहिल्याच निवडीचा सौदा झाला, आणि घेणाऱ्याच्या हाती काही लागले नाही.

डॅलसचा सौदा आणि तक्ता

या बाजाराला आजचे रूप डॅलस काउबॉइजने दिले. १९८९ मध्ये जेरी जोन्स यांनी संघ विकत घेतला आणि जिमी जॉन्सन यांना प्रशिक्षक नेमले. संघ दुबळा होता, त्या हंगामात १६ पैकी एकच सामना जिंकला. त्यांच्याकडे मोठ्या नावाचा एकच खेळाडू होता, चेंडू घेऊन धावणारा हर्शल वॉकर. ऑक्टोबर १९८९ मध्ये जॉन्सन यांनी त्यालाच मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन टाकले. बदल्यात काही खेळाडू आले आणि त्या प्रत्येकाला भावी ड्राफ्टचे हक्क जोडलेले होते. डॅलसने ठरल्या तारखेपूर्वी तो खेळाडू सोडला, तर हक्क त्यांना मिळणार होते. डॅलसला खेळाडू हवे आहेत, असा मिनेसोटाचा समज होता. जॉन्सन यांचा डोळा मात्र हक्कांवरच होता. पुढच्या तीन ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी त्यांना मिळाल्या. १९९० ची पहिल्या फेरीची निवड आणखी एका सौद्यात वापरून ते वर सरकले आणि १७ व्या क्रमांकावर एमिट स्मिथ घेतला. तो पुढे लीगच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड धावणारा खेळाडू ठरला. १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांत डॅलसने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. वॉकरने मिनेसोटाला तिथपर्यंत नेले नाही.

इतके हक्क हाती आल्यावर त्यांचा हिशेब ठेवायला काही माप हवे होते. १९९१ मध्ये संघाचे एक भागीदार, पेशाने पेट्रोलियम अभियंता असलेले माइक मकॉय यांनी मागील काही वर्षांतले सौदे मांडून प्रत्येक क्रमांकाला गुण दिले. पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २६००, सातव्याला १५००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०, असे गुण पुढे झपाट्याने उतरत जातात. या तक्त्याला जॉन्सन यांचे नाव पडले. डॅलसचे लोक इतर संघांत गेले तसा तोही लीगभर पसरला. पाळीची घड्याळे चालू असताना, फोनवर दोन-तीन मिनिटांत सौदा करायचा तर दोन्ही बाजूंना मान्य असा आकडा लागतो, आणि ती गरज तक्त्याने भागवली.

पण हा तक्ता नेमके काय मोजतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. तो त्या काळचा बाजारभाव मोजतो. त्या क्रमांकावर घेतलेले खेळाडू प्रत्यक्षात किती चांगले निघाले, हे त्यात कुठेच नाही. तक्त्यानुसार पहिली निवड म्हणजे सातव्या क्रमांकाच्या दोन किंवा बत्तिसाव्या क्रमांकाच्या जवळजवळ पाच निवडी. पहिल्या क्रमांकाचा सरासरी खेळाडू बत्तिसाव्यापेक्षा चांगला असतो हे खरे, पण पाचपट चांगला नसतो.

पराभूताचा शाप

नेमक्या याच तफावतीवर केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी बोट ठेवले. त्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये प्राथमिक रूपात आणि २०१३ मध्ये अंतिम रूपात आला. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर १९९४ पासून कमाल मर्यादा आहे. म्हणून खेळाडू किती चांगला आहे एवढेच पाहून भागत नाही. त्याला मिळणाऱ्या पगाराच्या मानाने तो किती जास्त देतो, हे पाहावे लागते. ही शिल्लक मोजल्यावर दिसले की पहिल्या फेरीच्या अगदी वरच्या निवडींपेक्षा दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या निवडी संघाला अधिक फायद्याच्या ठरत होत्या. सर्वांत दुबळ्या संघाला आधार म्हणून दिलेला पहिला क्रमांक त्याने विकला नाही, तर त्याच्या गळ्यात लोढणेच पडत होते. निबंधाच्या शीर्षकातला ‘पराभूताचा शाप’ तो हाच.

कारण म्हणून त्यांनी अतिआत्मविश्वासाकडे बोट दाखवले. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता ५० टक्क्यांहून थोडीच अधिक असते. तरीही ‘हाच तो’ अशी खात्री बाळगून संघ वर सरकण्यासाठी दोन-तीन निवडी मोजतात. दुसरी सवय भविष्य स्वस्तात विकण्याची. यंदाची दुसऱ्या फेरीची निवड हवी असेल, तर पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची द्यायची, असा या बाजाराचा ढोबळ रिवाज आहे. कोणताही सावकार लाजेल इतके हे व्याज आहे. यामागे माझ्या मते मूर्खपणापेक्षा नोकरीची भीती जास्त आहे. दोन हंगाम हरल्यावर हकालपट्टी होणाऱ्या प्रशिक्षकाला तिसऱ्या वर्षीच्या निवडीचा काय उपयोग?

१९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी पाचव्या क्रमांकावर रिकी विल्यम्सला घेण्यासाठी त्या वर्षीच्या आपल्या साऱ्या निवडी वॉशिंग्टनला दिल्या, शिवाय २००० च्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्याही. संघाने ३ सामने जिंकले, १३ हरले आणि डिटका यांची नोकरी गेली. त्यांनी दिलेली २००० ची निवड दुसऱ्या क्रमांकाची ठरली. वर सरकणाऱ्यांचा हा नेहमीचा धोका आहे: पुढच्या वर्षीचा हक्क देताना आपण चांगले खेळू असे गृहीत धरलेले असते, आणि तसे झाले नाही की दिलेली वस्तू कित्येक पटींनी महाग होते.

२०११ नंतर

मॅसी आणि थेलर यांचा निष्कर्ष जुन्या पगारपद्धतीवर उभा होता. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता आणि त्यातले ५ कोटी हमखास होते. २०११ च्या कामगार करारात नवोदितांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले. त्या वर्षीच्या पहिल्या खेळाडूला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. एका फटक्यात वरच्या निवडी स्वस्त झाल्या आणि जुन्या शापाची धार बोथट झाली. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवण्याचा हक्कही संघाला मिळाला. म्हणून ३२ व्या आणि ३३ व्या क्रमांकांत तक्ता जेमतेम दहा गुणांचा फरक दाखवत असला, तरी प्रत्यक्षात तो एका पूर्ण हंगामाचा आहे. २०१८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने बरोबर ३२ व्या क्रमांकावर सरकून लमार जॅक्सन घेतला. त्याने पुढे दोनदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला.

बांधलेला पगार खेळाडू मैदानात कोणत्या जागेवर खेळतो त्यानुसार बदलत नाही, आणि सगळा बाजार आज या एका गोष्टीवर फिरतो. २०२४ चा पहिला खेळाडू केलब विल्यम्स हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा मुख्य खेळाडू. त्याचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ९५ लाख डॉलरचा होता. त्याच वर्षी डॅलसचा अनुभवी क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याने वर्षाला सरासरी ६ कोटींचा करार केला. चांगला क्वार्टरबॅक नवोदिताच्या पगारात मिळाला, तर वाचलेल्या पैशांतून उरलेला संघ उभा करता येतो. त्यामुळे क्वार्टरबॅकसाठी वर सरकणे हा वेडेपणा आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्स २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर सरकले आणि त्यासाठी त्यांनी बफेलोला आपली २७ वी निवड, एक तिसऱ्या फेरीची आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची दिली. त्यांना पॅट्रिक महोम्स मिळाला आणि त्याच्याबरोबर तीन सुपर बोल. पण त्याच संध्याकाळी शिकागो बेअर्सने तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी तीन जादा निवडी मोजल्या आणि मिचेल ट्रुबिस्की घेतला. महोम्स तेव्हा उपलब्ध होता.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१ मध्ये १२ व्यावरून तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी त्यांनी मायामीला २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि एक तिसऱ्या फेरीची दिली. त्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक ट्रे लान्स त्यांच्यासाठी चारच सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला गेला. सुपर बोलपर्यंत त्या संघाला नेले ते ब्रॉक पर्डीने, २०२२ च्या ड्राफ्टमधल्या २६२ व्या, म्हणजे अगदी शेवटच्या खेळाडूने.

खाली सरकणाऱ्यांचे काय होते

यावरून वरचा क्रमांक विकणारा नेहमीच जिंकतो असे वाटेल, पण तसे नाही. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी सेंट लुइस रॅम्सला तीन पहिल्या फेरीच्या आणि एक दुसऱ्या फेरीची निवड दिली. ग्रिफिनने पहिला हंगाम गाजवला आणि त्याच हंगामाच्या शेवटी त्याचा गुडघा गेला. डिसेंबर २०१४ मध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले तेव्हा रॅम्सने त्या सौद्यातून मिळालेल्या खेळाडूंनाच नाणेफेकीला पाठवले आणि सामना २४-० असा जिंकला. तरीही २०१२ पासून सेंट लुइस सोडेपर्यंत त्यांच्या वाट्याला विजयांनी पराभवांवर मात केलेला एकही हंगाम आला नाही. हक्क मिळवणे ही अर्धीच गोष्ट असते. त्यांतून माणसे ओळखणे आणि घडवणे हे कोणताही तक्ता करत नाही.

क्लीव्हलँड ब्राउन्सने हा मार्ग सर्वांत टोकाला नेला. २०१६ मध्ये त्यांनी दुसरा क्रमांक फिलाडेल्फियाला विकला. त्यात मिळालेली २०१७ ची पहिल्या फेरीची निवड १२ वी ठरली. तीही त्यांनी ह्यूस्टनला दिली आणि बदल्यात २५ वी निवड व २०१८ ची पहिल्या फेरीची घेतली. दरम्यान मैदानावर एकामागून एक पराभव होत होते: २०१६ मध्ये १६ पैकी एक विजय, २०१७ मध्ये शून्य. हे हक्क जमवणारे प्रमुख सॅशी ब्राउन यांना डिसेंबर २०१७ मध्ये काढून टाकण्यात आले. ह्यूस्टनची ती निवड चौथ्या क्रमांकाची निघाली. सॅशी ब्राउन यांच्या जागी आलेल्या जॉन डॉर्सी यांनी एप्रिल २०१८ मध्ये तिच्यावर बचावपटू डेन्झेल वॉर्ड घेतला.